पंधरा वर्षं उभी असलेली मोटरसायकल: आधी खोलायची की आधी चालू करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. काकांकडून मिळालेली 1975 च्या आसपासची टू-स्ट्रोक गाडी, 250 सीसी, एक सिलिंडर, सहा व्होल्टची, पॉइंटवाली (म्हणजे स्पार्कसाठी करंट जोडणारी-तोडणारी दोन टोकं असलेली). पंधरा वर्षं शेडमध्ये उभी. किक खाली जाते, पण प्लगला स्पार्क नाही. टाकीत गंज आहे, टायरला भेगा आहेत. पंक्चर काढण्यापलीकडे तुम्ही आजवर कुठल्या गाडीला हात लावलेला नाही. मग सगळी गाडी खोलून फ्रेम पावडर कोटिंगला आणि इंजिन बोअरिंगला (सिलिंडर आतून तासून घ्यायला) पाठवायचं, की आधी ती चालू होते का ते पाहायचं? आणि किती दिवस लागतील?

खोलू नका. निदान आत्ता नको.

यामागे तत्त्व वगैरे काही नाही, माझी पहिली गाडी आहे. ती मी दोन शनिवार-रविवारांत नटबोल्टापर्यंत खोलली आणि फार मोठं काम केल्यासारखं वाटलं. पुढची तीन वर्षं ती अकरा खोक्यांत पडून होती. खोलताना वाटतं, हा बुश कुठला ते कसं विसरेन? सहा महिन्यांनी हातात एकसारखे दिसणारे चार बुश असतात आणि एकही आठवत नाही. त्याहून वाईट म्हणजे, मूळ दोष काय होता हेच कळायचा मार्ग मी बंद करून टाकला होता. गाडी जोडलेली असताना ती लक्षणं दाखवते: कुठून तेल गळतं, कुठला आवाज येतो, कुठे हवा खेचते. खोक्यातले सुटे भाग काहीच सांगत नाहीत. शेवटी जोडल्यावर नवीन रंगाच्या, नवीन गॅस्केटच्या इंजिनात जुनाच दोष निघाला, आणि रंगावर ओरखडे पाडत मी ते पुन्हा उतरवलं.

तुम्ही तीन वेगळी कामं एकात बांधलीत, खरी अडचण तिथे आहे. गाडी चालू करणं हे एक काम. ती रस्त्यावर नेण्याइतकी भरवशाची करणं हे दुसरं. देखणी करणं हे तिसरं. पहिल्यांदाच हात घालणाऱ्याने ती याच क्रमाने करावीत, आणि पहिलं झाल्याशिवाय तिसऱ्यासाठी एकही वस्तू विकत घेऊ नये. कागदपत्रं मात्र या तिन्हींच्या आधी. फ्रेमवरचा आणि इंजिनावरचा ठोकलेला नंबर कागदाशी जुळतो का ते आजच पाहा. जुळत नसेल तर पान्याला हात लावण्याआधी तो गुंता सोडवा.

याला अपवाद आहेत, तेही सांगतो. गाडी कधी पुराच्या पाण्यात बुडालेली असेल, फ्रेम वाकलेली किंवा गंजून भोक पडलेली असेल, इंजिन जाम असून कशानेही सुटत नसेल, किंवा हाताने फिरवताना आतून धातूवर धातू घासल्यासारखा आवाज येत असेल, तर चालू करण्याचा हट्ट धरू नका, थेट खोला. तुम्ही लिहिलंत त्यावरून यातलं काही दिसत नाही. पण ‘किक खाली जाते’ एवढ्यावरून इंजिन धड आहे असंही म्हणता येणार नाही. म्हणून पहिली सूचना: ती किक मारणं आता थांबवा.

कारण सांगतो. पंधरा वर्षं पिस्टन एकाच जागी उभा होता. सिलिंडरच्या भिंतीवर, तो थांबला तिथे, गंजाची पातळ कडा धरलेली असू शकते. जोरात किक मारली की रिंगा त्या कडेवरून खरडत जातात. शिवाय टू-स्ट्रोकच्या क्रँकच्या बेअरिंगांना वेगळं ऑइल मिळत नाही, पेट्रोलबरोबर येईल तेवढंच. ते केव्हाच सुकलंय. तेव्हा प्लग काढा, त्या भोकातून टू-स्ट्रोक ऑइल चमचाभर सोडा, कार्बुरेटर काढलात की त्या तोंडातूनही थोडं सोडा आणि एक रात्र जाऊ द्या. मग प्लग न लावताच गाडी टॉप गियरमध्ये टाका आणि मागचं चाक हाताने हळूहळू पुढे फिरवा. चाकामुळे तुम्हाला लांब दांडीचा फायदा मिळतो आणि जोर किती लागतोय ते हाताला कळतं. पायाला ते कळत नाही. इंजिन जाम असतं तरी हेच सांगितलं असतं, फक्त रात्रीऐवजी आठवडा, आणि साध्या ऑइलऐवजी गंज सोडवणारं पातळ तेल. जाम इंजिनाच्या किकवर उभं राहणारे लोक शेवटी किकची शाफ्ट नाही तर केसिंग फोडून ठेवतात.

टू-स्ट्रोकची एक सोय फोर-स्ट्रोकवाल्यांना नाही. सायलेन्सरचा पाइप उतरवा, एक्झॉस्टच्या तोंडातून टॉर्च मारा आणि चाक हळू फिरवत राहा. पिस्टनची बाजू आणि रिंगा तुमच्या डोळ्यांसमोरून जातील. हेड न उघडता तपासणी होते. पिस्टनवर बारीक उभ्या रेघा असतील तर चालतील. खोल चर, कुठेतरी वितळून पसरल्यासारखा चमकता डाग, किंवा खाचेत चिकटून बसलेली रिंग दिसली तर ब्लॉक, म्हणजे सिलिंडर, उतरवायचाच आहे असं समजा. पाइप उतरवलाच आहे तर तो आतूनही बघा. माझ्याकडे आलेल्या एका गाडीच्या सायलेन्सरमध्ये कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं, तर दुसऱ्या एका गाडीच्या एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांचा संसार होता, सीटच्या फोमसकट. दोन्ही मालक कार्बुरेटर साफ करून करून थकले होते.

आता स्पार्क. इथे जरा वेळ घेतो, कारण नवखी माणसं इथेच घाबरून कॉइल, कंडेन्सर, प्लग, वायर सगळं एकदम बदलतात आणि दोष तसाच राहतो.

पॉइंट आणि कॉइलचं काम समजायला नळाची आठवण ठेवा. नळातून जोरात पाणी वाहतंय आणि तुम्ही तो झटकन बंद केलात तर पाइप दणकतो. कॉइलमध्येही तसंच होतं. पॉइंट बंद असताना, म्हणजे एकमेकांना टेकलेले असताना, कॉइलच्या जाड तारेतून बॅटरीचा करंट वाहतो. पॉइंट उघडले की तो अचानक तुटतो, आणि त्या दणक्यातून बारीक तारेच्या गुंडाळीत हजारो व्होल्ट तयार होतात. करंट जितका झटकन तुटेल तितका स्पार्क जोरदार. कंडेन्सर पॉइंटवर ठिणगी पडू न देता तो करंट झटकन तुटायला मदत करतो. एवढं डोक्यात ठेवलंत तर तपासणीचा क्रम आपोआप सुचतो.

आधी चांगली, पूर्ण चार्ज झालेली सहा व्होल्टची बॅटरी लावा. पंधरा वर्षं पडलेली बॅटरी चार्ज करत बसू नका. घाईत बारा व्होल्टची लावू नका, कॉइल जळेल. लावण्याआधी गाडीत बॅटरीची कुठली बाजू फ्रेमला जोडलेली आहे तेही पाहा, कारण कित्येक जुन्या ब्रिटिश गाड्यांत निगेटिव्ह नाही, पॉझिटिव्ह बाजू अर्थ असते. मग मल्टिमीटर घ्या. त्याची एक वायर अर्थला आणि दुसरी कॉइलच्या त्या टोकाला लावा जिथून पॉइंटकडे वायर जाते. चावी चालू करून इंजिन हळू फिरवा. पॉइंट उघडे असताना मीटरने बॅटरीइतके व्होल्ट दाखवले पाहिजेत आणि टेकले की जवळजवळ शून्य. सतत सहा व्होल्ट दाखवत असेल तर पॉइंट दिसायला टेकताहेत, पण करंट जात नाहीये. सतत शून्य दाखवत असेल तर बहुधा दोनपैकी एक: कॉइलपर्यंत करंट पोचतच नाही, किंवा पुढे कुठेतरी तो थेट अर्थ होतोय. कॉइलच्या दुसऱ्या टोकाला मीटर लावलं की यातली कुठली ते लगेच कळतं.

बराच काळ उभ्या राहिलेल्या गाडीत पहिला प्रकार नेहमीचा. पॉइंटच्या टोकांवर डोळ्यांना न दिसणारा थर चढतो आणि तो करंट अडवतो. बारीक कानशीने किंवा अगदी बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासा, मग कोरा कागद पेट्रोलमध्ये किंचित ओला करून दोन टोकांमध्ये धरून ओढा, आणि शेवटी कोरडा कागद. हा शेवटचा कागद विसरू नका. पॉलिश पेपरची भुकटी राहिली तर ती पुन्हा करंट अडवते. त्यानंतर फीलर गेजने (मोजलेल्या जाडीच्या पातळ पात्यांनी) गॅप लावा. बहुतेक जुन्या गाड्यांत तो 0.35 ते 0.45 मिलिमीटरच्या दरम्यान असतो, पण तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये जो आकडा असेल तोच खरा. प्लगचा गॅप साधारण 0.6.

दुसऱ्या प्रकारात, सतत शून्य दाखवणाऱ्या गाडीत, मी एकदा दोन दिवस घालवले. कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला, नवीन वायर टाकली. दोष होता पॉइंटच्या बोल्टवरच्या फायबरच्या चिमुकल्या वायसरमध्ये. आधीच्या मेकॅनिकने तो चुकीच्या बाजूला लावला होता, त्यामुळे पॉइंट कायमचे अर्थ झाले होते. म्हणून पॉइंट उतरवताना प्रत्येक वायसरचा क्रम फोटो काढून ठेवा. फोटो एक नाही, चार बाजूंनी चार.

एवढं होऊनही स्पार्क पिवळा, मरतुकडा येत असेल आणि पॉइंटवर मात्र लख्ख ठिणग्या उडत असतील तर कंडेन्सर गेलाय. तो बदला, पण जुना फेकू नका. नवीन म्हणून मिळणारे सगळेच कंडेन्सर चांगले निघतात असं नाही. प्लगच्या वायरचं टोक सेंटिमीटरभर कापून कॅप पुन्हा बसवा, आतली तांब्याची तार तिथे हिरवी पडलेली असते. शेवटची गोष्ट अर्थ. सहा व्होल्टच्या गाडीला खराब जोड बारा व्होल्टच्या गाडीपेक्षा जास्त सतावतात, याचं गणित सोपं आहे. 35 वॉटचा दिवा बारा व्होल्टवर सुमारे तीन अँपिअर घेतो, सहा व्होल्टवर जवळजवळ सहा. करंट दुप्पट, म्हणून त्याच गंजलेल्या जोडात वाया जाणारे व्होल्टही दुप्पट, तेही मुळात निम्म्याच व्होल्टमधून. ‘सहा व्होल्टच्या गाड्यांचा लाइट म्हणजे मेणबत्ती’ असं म्हणतात, त्यातला बराचसा दोष गंजलेल्या अर्थचा असतो. जिथे वायर फ्रेमला टेकते तिथे धातू चमकेपर्यंत घासा.

तुमच्या गाडीत बॅटरी-कॉइलऐवजी मॅग्नेटवर चालणारं इग्निशन असेल तर वरच्या व्होल्टच्या तपासण्या लागू होत नाहीत, पण पॉइंट साफ करणं लागू होतंच. अशा गाडीत आधी इंजिन बंद करायच्या बटनाची वायर सोडवून पाहा. ते बटन आतल्या आत अर्थ होऊन बसलेलं असलं तर बाकी सगळं ठणठणीत असूनही स्पार्क येणार नाही.

पेट्रोलकडे वळू. टाकीतलं जुनं पेट्रोल ‘नव्यात मिसळून चालेल का’ असं विचारूही नका. त्यातला पटकन पेट घेणारा भाग उडून गेलाय आणि उरलेल्याचा चिकट राळेसारखा थर झालाय. वासावरूनच कळतं, पेट्रोलऐवजी वॉर्निशचा वास येतो. टाकी गाडीवरून उतरवून बाजूला ठेवा. पहिल्यांदा चालू करायला ती लागतच नाही. वर टांगलेली छोटी बाटली आणि पेट्रोलची नळी पुरते. टाकीचा गंज आठवडाभराचं काम आहे आणि ते स्पार्कच्या कामाशेजारी आरामात चालू शकतं. सायट्रिक ॲसिडचं पाणी भरून एक-दोन दिवस ठेवा, मग ओतून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, लगेच गरम हवेने वाळवा आणि पेट्रोल-ऑइलचं मिश्रण आत फिरवा. वाळवायला उशीर केलात तर तासाभरात आत पुन्हा तांबूस छटा दिसायला लागते. धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर वापरूनही गंज काढता येतो. तसं करणार असाल तर आत सोडायचा तुकडा साध्या लोखंडाचा घ्या, स्टेनलेसचा कधीही नको, त्यातून क्रोमियमचं विषारी संयुग तयार होतं. या पद्धतीत हायड्रोजनही निघतो, म्हणून काम उघड्यावर. आणि टाकीला भोक असेल तर वेल्डिंग करू नका. रिकामी दिसणारी पेट्रोलची टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते, कारण स्फोट होतो तो वाफेचा.

कार्बुरेटर उतरवताना एअर स्क्रू किती फेरे बाहेर आहे ते मोजून लिहून ठेवा: आधी तो हलकेच पूर्ण आत बसवत किती फेरे होतात ते मोजा, मगच बाहेर काढा. मेन जेटचं भोक डोळ्यांना दिसतं, म्हणून सगळे तेच साफ करतात. गाडी अडते ती पायलट जेटवर, म्हणजे कमी रेसला पेट्रोल देणाऱ्या छोट्या जेटवर. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, जुन्या पेट्रोलच्या एका थेंबाने बुजणारं. ओळखायची खूण म्हणजे गाडी चोकवर चालू होते आणि चोक काढला की मरते. त्यात स्टीलची तार किंवा सुई घालू नका, पितळ मऊ असतं आणि भोक मोठं होतं. विजेच्या वायरमधला तांब्याचा एकच धागा घ्या. मग कार्बुरेटर क्लीनर एका बाजूने मारून तो दुसऱ्या बाजूच्या प्रत्येक छिद्रातून धार धरून बाहेर येतो का ते बघा. जिथून येत नाही तिथे काम बाकी आहे. रबरी भाग क्लीनरमध्ये भिजवू नका.

यानंतर एक गोष्ट अशी आहे जी गाडी चालू होण्याआधी दिसत नाही आणि चालू झाल्यावर इंजिन खाऊ शकते: क्रँकची ऑइल सील. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हा पंप असतो. पेट्रोल-हवा आधी तिथे खेचली जाते, मग वर ढकलली जाते. क्रँकच्या दोन्ही टोकांना रबरी सील असतात, ते पंधरा वर्षांत कडक होतात. इग्निशनच्या बाजूचं सील गेलं तर इंजिन तिथून कोरडी हवा खेचतं. मिश्रणात पेट्रोल कमी, म्हणजे ऑइलही कमी, म्हणजे पिस्टन तापून धरतो. लक्षण असं की ॲक्सिलरेटर सोडला तरी रेस खाली येत नाही, उलट आपोआप चढते. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर इंजिन गियरबॉक्सचं ऑइल ओढतं: पांढरा धूर थांबतच नाही आणि गियर ऑइलची पातळी उतरत जाते. सावध असाल तर कार्बुरेटर आणि एक्झॉस्टची तोंडं बंद करून साधारण सहा पीएसआय दाबाची हवा आत भरा आणि दाब टिकतो का ते बघा. साबणाचं पाणी लावलं की गळती कुठे आहे तेही दिसतं. नाही जमलं तर लक्षणांवर नजर ठेवा. काही इंजिनांत ही सील बाहेरून बदलता येतात, काहींत केसिंग दोन भागांत उघडावं लागतं. इंजिन खोलायचं की नाही याचा निर्णय मी तरी या सीलवर आणि पिस्टनच्या अवस्थेवर करतो, गाडीच्या वयावर कधीच नाही.

चालू करायचा दिवस. गाडी उघड्यावर. आग विझवायचा पावडरचा सिलिंडर हाताशी. पाणी पेट्रोलच्या आगीवर उपयोगाचं नाही, ते आग पसरवतं. बाटलीत ताजं पेट्रोल आणि टू-स्ट्रोक ऑइल. जुन्या मॅन्युअलमध्ये 25 ला 1 असं काही असेल, म्हणजे पाच लिटरला 200 मिलिलिटर, तर पहिल्या वेळी तेच ठेवा. धूर जास्त होईल, होऊ द्या. पेट्रोल सोडल्यावर दोन मिनिटं नुसतं उभं राहून कार्बुरेटरकडे बघा. फ्लोट (कार्बुरेटरमधली पेट्रोलची पातळी सांभाळणारा तरंगता भाग) अडकलेला असेल तर पेट्रोल खाली ओघळेल. ते दिसलं तर किक मारायची नाही. माझ्या एका गाडीचा कार्बुरेटर असाच पेटला होता. भिजलेल्या इंजिनाशेजारी मी प्लग हेडला टेकवून स्पार्क तपासत होतो. भुवया परत आल्या, वायरिंग आलं नाही.

किक मारण्याआधी ठरवून ठेवा की गाडी बंद कशी करायची. रेस चढतच गेली तर कधी चावी बंद करूनही टू-स्ट्रोक थांबत नाही. अशा वेळी कार्बुरेटरच्या तोंडावर जाड कापडाचा बोळा घट्ट दाबा, किंवा ब्रेक दाबून टॉप गियरमध्ये क्लच सोडा, म्हणजे इंजिन गुदमरून थांबेल. आणि हसू नका, पण स्पार्कचं टायमिंग फार चुकलं तर टू-स्ट्रोक उलटंही चालू होतं. गियर टाकला की गाडी मागे जाते. मी हे डोळ्यांनी पाहिलंय, मालक गाडीवर बसलेला होता.

पाच-सहा किकनंतर चालू झाली नाही तर प्लग काढून बघा. ओला असेल तर पेट्रोल येतंय, स्पार्ककडे परत जा. कोरडा असेल तर स्पार्कला विसरा आणि कार्बुरेटर बघा. चालू झालीच तर मिनिटभर चालवा, बंद करा, थंड होऊ द्या, नटबोल्ट तपासा, मग पुन्हा. क्रँककेसमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साचलेलं जुनं ऑइल जळेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं भरपूर धूर निघेल. तेवढ्याने सीलला दोष देऊ नका.

इथवर आलात की तुम्हाला ती गल्लीच्या टोकापर्यंत न्यावीशी वाटेल. नेऊ नका. इंजिन चालतंय म्हणून गाडी थांबेल असं नाही. टायरवर चार आकड्यांचा कोड असतो, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. तीनच आकडे असतील तर टायर 2000 सालच्या आधीचा आहे. नक्षी कितीही खोल दिसो, भेगाळलेला टायर आणि त्याची ट्यूब दोन्ही बदला. ब्रेकचे लायनर शूला बऱ्याचदा चिकटवलेले असतात आणि जुना गोंद सुटला की लायनर निघून ड्रममध्ये अडकतो, चाक जागीच लॉक होतं. ते नवीन बसवा. ड्रम उघडताना आतली धूळ हवेने उडवू नका, त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचा. ओल्या फडक्याने पुसा. केबलींची टोकं निपलपाशी बघा, एक धागा तुटलेला दिसला की केबल गेली. हँडल हलवून स्टिअरिंगच्या बेअरिंगा, मागचं चाक आडवं हलवून बुश, आणि प्रत्येक स्पोक बोटाने वाजवून. ढिला स्पोक खडखडतो, घट्ट खणकन वाजतो.

हत्यारांबद्दल एकच गोष्ट. गाडी जपानी असेल तर तिचे फुलीचे स्क्रू दिसतात नेहमीसारखे, पण त्यांची घडण जेआयएस नावाच्या मापाची असते. साधा स्क्रू ड्रायव्हर त्यात घसरतो आणि डोकं गोल करतो. त्या मापाचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या आणि हातोडीचा एक ठोका द्या. ब्रिटिश असेल तर मिलिमीटरचे पाने बसणारच नाहीत. ‘जवळपास बसतो’ असा पाना लावून नटाचे कोपरे घालवू नका.

किती दिवस लागतील? संध्याकाळी तासभर आणि सुट्टीचा अर्धा दिवस दिलात, पिस्टन आणि सील ठीक निघाले, तर आवाज ऐकायला मला तरी तीन-चार आठवडे पुरे वाटतात. रस्त्यावर न्यायला त्याहून दुप्पट, आणि त्यातला बराच वेळ सुट्या भागांची वाट पाहण्यात जातो. इंजिन खोलावं लागलं तर मी आकडा सांगणार नाही. तो तुमच्यावर नाही, बोअरिंग करणाऱ्याच्या रांगेवर अवलंबून असतो.

राहिली पावडर कोटिंगची गोष्ट. ते जेव्हा कराल तेव्हा, म्हणजे गाडीने काही शे किलोमीटर विनातक्रार केल्यावर, फ्रेम देण्याआधी बेअरिंगच्या जागा, सगळे आटे आणि ठोकलेला नंबर झाकून द्या. सँडब्लास्टिंगने नंबर पुसट होतो आणि कोटिंगखाली तो बुजतो. आणि जोडणी करताना इंजिन आणि अर्थची वायर जिथे फ्रेमला टेकते तिथला कोट खरवडून खालचा धातू उघडा करा. पावडर कोटिंगमधून वीज जात नाही. चकचकीत गाडी घेऊन लोक येतात आणि म्हणतात, रंगाला देण्याआधी चालत होती, आता स्पार्कच नाही. मी मीटर काढायच्या आधी कानस काढतो.